काचेच्या टाकीतील मासा रोडावत असेल तर

शोभेचे मासे पाळण्याची हौस आता केवळ शहरांपुरती राहिलेली नाही. ओसरीवर काचेची टाकी आणि परसात शोभिवंत माशांच्या पैदाशीसाठी बांधलेले सिमेंटचे हौद खेड्यांतूनही दृष्टीस पडतात. ह्या माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले किंवा पर कुजू लागले तर ते चटकन नजरेत भरते. परंतु मासा दिवसेंदिवस थोडथोडा वाळत जातो ही गोष्ट बहुधा उशिरा ध्यानात येते, आणि मग दुकानातून आणलेली निळी-पिवळी औषधे एकामागून एक टाकीत ओतली जातात. रोडावणे हा रोग नव्हे, ते लक्षण होय. त्याच्या मुळाशी उपासमार, थंडी, वार्धक्य, जंत किंवा क्षय ह्यांपैकी काहीही असू शकते, आणि एकाचा उपाय दुसऱ्यास लागू पडत नाही.

मासा खरोखर कृश झाला आहे काय, हे टाकीच्या वरून पाहून ठरवावे. निरोगी मासा डोक्यामागे भरलेला व शेपटीकडे निमुळता दिसतो. कृश माशाचे डोके धडापेक्षा मोठे भासते, पाठ सुरीच्या धारेसारखी होते व पोट आत ओढले जाते. पाठ वाळलेली आणि पोट मात्र फुगलेले असेल, तर आतील विकाराचा संशय घ्यावा. गप्पी, मॉली ह्या जातींच्या माद्या जिवंत पिले देतात. व्यायल्यानंतर त्यांचे पोट एकाएकी सपाट होते, ते दुखणे समजू नये. गप्पीचे आयुष्यही दोन-तीन वर्षांचेच. म्हातारा गप्पी वाळू लागला तर औषधांच्या नादी न लागणे बरे.

यानंतर खाद्य टाकून दहा मिनिटे टाकीसमोर स्वस्थ बसावे. मासा खात नाही म्हणून वाळतो, की खाऊनही वाळतो, हा सर्व निदानाचा पाया आहे. दांडगे मासे दुबळ्यास खाद्यापर्यंत पोचूच देत नाहीत, असे पुष्कळदा दिसून येते. असा मासा वेगळ्या भांड्यात ठेवताच खाऊ लागतो आणि पंधरवड्यात सुधारतो. वर्षभर उघड्या डब्यात पडून राहिलेल्या कोरड्या खाद्यातील जीवनसत्त्वे नाहीशी झालेली असतात, हेही विसरू नये. उष्ण प्रदेशांतील माशांना साधारणतः २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. नाशिक-पुण्याकडील हिवाळ्यात रात्री टाकीचे पाणी याच्या बरेच खाली उतरते व मासे खाणे सोडतात. पाण्यात अमोनिया किंवा नायट्राइट साचले तरीही भूक मंदावते. पाणी तपासण्याच्या संचाने ही दोन्ही द्रव्ये शून्य आली पाहिजेत. न आल्यास खाद्य कमी करून, क्लोरीन घालविलेल्या पाण्याने टाकीतील चौथा हिस्सा पाणी बदलावे.

पाणी चांगले, भूकही आहे, तरी मासा वाळतो, असे असेल तर त्याची विष्ठा पाहावी. निरोगी माशाची विष्ठा खाद्याच्या रंगाची असते व लवकर तुटून पडते. एंजल, डिस्कस, गुरामी अशा माशांच्या गुदद्वाराशी पांढरी, चिकट, लांब दोऱ्यासारखी विष्ठा लोंबत असेल, तर आतड्यातील चाबूकधारी एकपेशीय परजीवींचा संशय येतो. मात्र उपाशी माशाच्या आतड्यातून नुसता श्लेष्मा बाहेर पडतो, तोही पांढराच असतो. म्हणून केवळ रंगावरून निर्णय करू नये. ताजी विष्ठा सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहणे हाच खरा मार्ग. ह्या परजीवींवर मेट्रोनिडॅझोल खाद्यातून देतात; मात्रा पशुवैद्यकास विचारावी. खाण्याच्या माशांना हे औषध देण्यास मनाई असल्याने, औषध दिलेल्या टाकीचे पाणी रोहू-कटल्याच्या तळ्यात कदापि सोडू नये.

गप्पी, मॉली स्वस्थ असताना त्यांच्या गुदद्वारातून तांबडे, केसासारखे दोन-चार धागे डोकावताना दिसले, तर तो कॅमॅलेनस नावाचा जंत होय. हा जंत आतड्यास चिकटून रक्त शोषतो. नात्याने तो नारूच्या जवळचा आहे. विहिरीच्या पाण्यातील ज्या सायक्लॉप्समधून नारू माणसाच्या पोटात जात असे, तशाच सूक्ष्म जीवांतून हा माशाच्या पोटात शिरतो. २००० साली भारत नारूमुक्त ठरला, परंतु डबक्यातील सायक्लॉप्स व त्यांत वाढणारे माशांचे जंत आहेत तसेच आहेत. म्हणून डबक्यातून गाळून आणलेले जिवंत खाद्य जोखमीचे. टाकीत हा जंत एका माशाकडून दुसऱ्याकडे थेटही पसरतो, तेव्हा उपचार सर्व माशांवर एकदम करावा लागतो. शेळ्यामेंढ्यांना पाजावयाचे लेव्हामिसोल येथे उपयोगी पडते. दर लिटर पाण्यास २ मिलिग्रॅम औषध २४ तास ठेवावे. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व २५ सेंटिमीटर पाणी असलेल्या टाकीत ४५ लिटर पाणी मावते. तिला ९० मिलिग्रॅम औषध लागेल. बाटलीतील द्रावणात दर मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम औषध असेल, तर ३ मिलिलिटर पुरे. दोन औषधांचे मिश्रण असलेली बाटली घेऊ नये. प्रकाशात हे औषध निकामी होते, म्हणून दिवा बंद ठेवावा. जंत केवळ लुळे पडून बाहेर येतात, मरत नाहीत. यास्तव तळाचा गाळ नळीने ओढून घेणे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. तीन आठवड्यांनी उपचार पुन्हा करावा.

सर्वांत वाईट प्रकार माशांच्या क्षयाचा. त्याचा एक प्रमुख जंतू, मायकोबॅक्टेरियम मरिनम, १९२६ साली फिलाडेल्फिया येथील मत्स्यालयातील माशांत प्रथम वर्णिला गेला. मासा महिनोन्‌महिने वाळतो, रंग उडतो, कणा वाकतो, कधी डोळे बाहेर येतात, कातडीवर जखमा होतात. टाकीत दर काही आठवड्यांनी एखादा मासा मरत राहतो. ह्यावर खात्रीचा इलाज नाही. बाधित मासे नाहीसे करून टाकी रिकामी करावी, वाळू-वनस्पती फेकून द्याव्यात, जाळी व भांडी ७० टक्के अल्कोहोलने पुसावीत. साध्या क्लोरीनला हा जंतू सहज दाद देत नाही.

हाच जंतू माणसाच्या हातावरील जखमेतून शिरतो. माणसाच्या फुफ्फुसांचा क्षय निराळ्या जंतूने होतो. हा जंतू ३० अंशांच्या सुमारास चांगला वाढतो व शरीराच्या उष्णतेत मंदावतो, म्हणून त्याचा उपद्रव बहुधा हाताबोटांच्या कातडीपुरता राहतो. दोन ते चार आठवड्यांनी बोटावर गाठ किंवा न भरणारा व्रण उठतो. डॉक्टरांकडे जाताना आपण मासे पाळतो हे सांगावे. न सांगितल्यास नेहमीच्या मलमांवर महिने जातात. चिरलेला हात टाकीत घालू नये, आणि टाकीचे पाणी नळीने तोंडाने ओढू नये.

मरू घातलेला मासा वाया घालवू नये, कारण निदानाला त्याच्याइतका उपयोगी पुरावा दुसरा नाही. हातमोजे घालून गुदद्वारापासून कल्ल्यांपर्यंत पोट कातरले, तर आतड्यातील तांबडे जंत नुसत्या डोळ्यांनी दिसतात. प्लीहा, वृक्क किंवा यकृत ह्यांवर करडे-पांढरे बारीक दाणे दिसल्यास क्षयाची शंका बळावते; खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते. रत्नागिरीजवळील शिरगाव, नागपूर व उदगीर येथे मत्स्यविज्ञानाची महाविद्यालये आहेत. तपासणीसाठी आजारी मासा जिवंतच, पाणी व प्राणवायू भरलेल्या पिशवीतून न्यावा. सोबत टाकीचे पाणी वेगळ्या बाटलीत द्यावे. मासा मेलाच तर बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवावा, गोठवू नये. निदान होईपर्यंत त्या टाकीतील गप्पी डासांच्या अळ्यांसाठी म्हणून गावच्या विहिरीत सोडू नयेत, आणि नवा मासा आणल्यास तो तीन-चार आठवडे निराळ्या भांड्यात ठेवावा.