षट्कर्णी झालेली गोष्ट

वाचक हो, 'षट्कर्णी होणे' हा आपल्या भाषेतील जुना वाक्प्रचार. दोघांची गोष्ट चार कानांची. तिसरा आला की कान सहा झाले, गुपित संपले. मग मोबाईलवर कान किती, हे कोण मोजणार?

समजा, भिवंडीतल्या नववीच्या एका मुलीने घरचे भांडण आणि मैत्रिणीचे गुपित पाच जणींच्या व्हॉट्सॲप गटात टाकले. रात्री पस्तावली, मजकूर पुसला. पण तेवढ्यात एकीने स्क्रीनशॉट काढून ठेवला असेल, तर तो कसा पुसणार? सकाळी वर्गात कुजबुज, आणि मैत्रीण बोलेनाशी! आपले बोलणे आपले असते. दुसऱ्याचे गुपित मात्र ठेव असते. ती उधळण्याचा हक्क आपल्याला नाही.

भिवंडीच्या मुलांना माग नवा नाही. धागा तुटला तर माग थांबवून गाठ मारता येते. कापड बाजारात गेल्यावर काय करणार? म्हणून आम्ही म्हणतो, बोट दाबण्याआधी क्षणभर माग थांबवावा. घराचा पत्ता, गावी जाण्याचा दिवस, पासवर्ड, ओटीपी ही चारचौघांत वाटण्याची वस्तू नव्हे.

मात्र मौन म्हणजे लपवाछपवी नव्हे. कोणी फोटोवरून धमकावू लागला, तर ताबडतोब आईबापांस सांगावे. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि मुलांसाठी १०९८ हे दूरध्वनी क्रमांक आहेत.

आणि वडीलधाऱ्यांनो, लेकरू सांगू लागले तर आधी ऐका, मग रागवा. घरात कान मिळाला नाही, की ते बाहेर कान शोधते.