अंगणासाठी झाडाची निवड

अतिशीत प्रदेशांत झाडाचा काटकपणा हिमाच्या कसोटीवर ठरतो. कोल्हापुरात ही कसोटी निराळी आहे. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा व संततधार पाऊस असतो. पुढे मे महिन्यापर्यंत जमीन कोरडी होत जाते. ही ओल आणि हा ताण, दोन्ही सोसणारे झाडच येथे काटक म्हणावे लागेल. रंकाळ्यालगतच्या शिवाजी पेठेसारख्या दाट वस्तीत आणखी एक अट येते, ती जागेची.

केवळ काटकपणा पुरेसा नाही

वड, पिंपळ व उंबर हे वृक्ष अत्यंत चिवट. ते भिंतीच्या भेगेतही रुजतात आणि बांधकाम उकलतात. त्यांची योग्य जागा तलावाचा काठ किंवा गावातील मोकळे मैदान होय. मूळचा मादागास्करचा गुलमोहर लवकर वाढतो, तथापि त्याचे लाकूड ठिसूळ असल्याने वादळी पावसात फांद्या मोडतात. कडुनिंब अवर्षण सोसतो. परंतु पाणी तुंबणारी जमीन त्यास मानवत नाही.

जागा पाहून झाड

प्रथम निचरा तपासावा. दोन फूट खोल खड्डा पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी साचून राहिल्यास निचरा कमी आहे असे समजावे. अशा ओलसर जागेस ताम्हण योग्य. हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प. ओढ्यानाल्यांच्या काठी ते निसर्गतःच वाढते आणि पानगळीमुळे थंडीच्या दिवसांत अंगणात ऊन येऊ देते. निचरा चांगला असून बारमाही सावली हवी असल्यास बकुळ लावावी. तिची वाढ मंद असते, पण लाकूड मजबूत होते. कोरड्या, उन्हाच्या जागी बहावा शोभतो. जागा अगदीच थोडी असल्यास पारिजातक पुरेसा होतो. मोठ्या वाढीचे झाड भिंतीपासून किमान दहा-पंधरा फूट दूर असावे. बुंध्याभोवतीची माती मोकळी ठेवावी; फरशी बुंध्याला भिडविल्यास मुळांना पाणी व हवा मिळत नाही.

निर्णय लागवडीपूर्वीच

महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार शहरी हद्दीत झाड तोडण्यापूर्वी परवानगी आवश्यक असते. म्हणून चूक टाळण्याची खरी वेळ खड्डा खणण्यापूर्वीची असते. चुकीच्या जागी लावलेले झाड भिंतीस धोका देऊ लागले की ते कुटुंब पुन्हा झाड लावण्यास धजावत नाही. एका झाडाबरोबर पुढील अनेक झाडे अशी गमावली जातात.

याकरिता शाळा, प्रभाग व ग्रामपंचायती यांनी जूनमध्ये रोपे वाटताना सर्वांना एकच रोप देऊ नये. अंगण किती, पाणी साचते काय व ऊन किती, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. उत्तरे ऐकून दिलेले रोप घरातील पुढच्या पिढीलाही सावली देईल.