चि. भाचीस: गायनस्पर्धा जिंकल्यानंतरच्या गाण्याविषयी



दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धा गायकाला जे देते त्याचा क्रम उलटा असतो, ही गोष्ट मुख्य फेरीत पाऊल टाकण्यापूर्वी भाचीने नीट समजून घ्यावी. एरवी गाणे आधी लोकांच्या ओठी बसते आणि मग ते कोणी गायले याची चौकशी होते; स्पर्धेत मात्र चेहरा, आवाज, घरची परिस्थिती हे सारे आधी घरोघरी पोहोचते आणि गायकाचे स्वतःचे म्हणावे असे एकही गाणे तोवर अस्तित्वात नसते, कारण तेथे गायली जातात ती बहुतेक दुसऱ्यांनी गाजवलेली गाणी. कीर्ती आणि गाणे यांच्यामधला हा रिकामा काळ विजेत्याने कसा भरून काढला यावरच पुढचे सारे ठरते.

या बाबतीत अमेरिकेतील केली क्लार्कसन हिचे उदाहरण सर्वांत बारकाईने पाहण्याजोगे आहे. टेक्सास राज्यातील बर्लसन या गावात वाढलेली ही मुलगी शाळेच्या गायकवृंदात तयार झाली, लॉस एंजेलिसला जाऊन नशीब आजमावून रिकाम्या हाताने परतली, आणि ४ सप्टेंबर २००२ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, ‘अमेरिकन आयडॉल’ या स्पर्धेची पहिली विजेती ठरली. ही स्पर्धा ‘पॉप आयडॉल’ या ब्रिटिश कार्यक्रमाच्या साच्यावर बेतलेली होती. साचा म्हणजे फेऱ्यांची रचना, परीक्षकांचे स्थान, प्रेक्षकांचे मतदान आणि विजेत्याशी होणारा करार अशी सगळी बांधणी, जी परवाना देऊन देशोदेशी विकली जाते; त्याच साच्यातून २००४ मध्ये ‘इंडियन आयडॉल’ सुरू झाला आणि २००५ मध्ये मुंबईचा अभिजीत सावंत त्याचा पहिला विजेता झाला.

क्लार्कसनचे पहिले गाणे, ‘अ मोमेंट लाइक धिस’, अमेरिकेतील, तेव्हा विक्री व प्रसारणावरून ठरणाऱ्या, ‘बिलबोर्ड हॉट १००’ या क्रमवारीत बावन्नाव्या स्थानावरून एकदम पहिल्या स्थानावर गेले आणि अशा झेपेचा बीटल्सच्या नावावरचा जुना विक्रम मोडला गेला. परंतु ते गाणे विजेता कोण हे ठरण्यापूर्वीच तयार होते. जिंकेल त्याच्यासाठी ते लिहिलेले होते, म्हणजे त्यात केली क्लार्कसन ही व्यक्ती नव्हती, विजय तेवढा होता. पुढच्या वर्षी उपविजेत्या जस्टिन ग्वारिनीसह ‘फ्रॉम जस्टिन टू केली’ हा चित्रपट आला, तो करारामुळे करावा लागल्याचे तिने पुढे उघडपणे सांगितले, आणि तो सपशेल पडला. विजयानंतरच्या पहिल्या वर्षात गायकाच्या नावावर किती गोष्टी त्याच्या मनाविरुद्ध उभ्या राहू शकतात, हे भाचीने येथे पाहावे.

तिचा खरा उदय २००४ च्या अखेरीस आलेल्या ‘ब्रेकअवे’ या संग्रहाने झाला, ज्याच्या जगभरात एक कोटीहून अधिक प्रती विकल्या गेल्या आणि ज्याने तिला २००६ मध्ये दोन ग्रॅमी पुरस्कार मिळवून दिले. त्यातील ‘बिकॉज ऑफ यू’ हे गाणे आईवडिलांच्या विभक्त होण्याच्या दुःखातून तिने सोळाव्या वर्षी लिहायला घेतले होते. पहिल्या संग्रहाच्या वेळी ध्वनिमुद्रण कंपनीने ते नाकारले, तरी तिने ते टाकून दिले नाही, सहलेखकांच्या मदतीने पुरे केले आणि पुन्हा पुढे ठेवले. मात्र त्याच संग्रहातील सर्वाधिक गाजलेल्या गाण्यांपैकी ‘सिन्स यू बीन गॉन’ हे तिने लिहिलेले नव्हते. ते मॅक्स मार्टिन व लुकाझ गॉटवाल्ड यांचे होते. आपले गाणे म्हणजे आपणच लिहिलेले गाणे, असा समज म्हणूनच करून घेऊ नये. जे गायल्यावर दुसऱ्या कोणाच्या गळ्यात कल्पिता येत नाही ते आपले. २००७ मध्ये तिने ‘माय डिसेंबर’ हा बव्हंशी स्वतःच्या लेखनाचा संग्रह कंपनीप्रमुख क्लाइव्ह डेव्हिस यांच्या मताविरुद्ध काढला, त्याची विक्री आधीच्या मानाने बरीच कमी झाली आणि त्या वर्षीचा उन्हाळ्यातील दौराही रद्द झाला. तरीही तो हट्ट तिने केला हे योग्यच झाले, कारण २००९ मध्ये ती पुन्हा पहिल्या स्थानावर आली तेव्हा आपल्याला काय हवे आणि काय नको हे ओळखणारी गायिका म्हणून आली.

भारतातील वाट याहून अवघड आहे, कारण येथे लोकप्रिय गाणे बहुधा चित्रपटातून येते आणि कोणता आवाज घ्यायचा हे संगीतकार व निर्माते ठरवतात, प्रेक्षकांची मते नव्हेत. पार्श्वगायक अरिजित सिंग २००५ मध्ये ‘फेम गुरुकुल’ या स्पर्धेत जिंकला नाही. त्यानंतरची वर्षे त्याने संगीतकारांच्या हाताखाली ध्वनिमुद्रणाचे व संगीतसंयोजनाचे काम शिकण्यात घालवली आणि २०१३ मध्ये ‘तुम ही हो’ हे गाणे आले तेव्हा त्याची आठ वर्षांची तयारी झालेली होती. भाची जिंकली काय आणि हरली काय, स्टुडिओत बसून असे शिकणे तिला चुकवता येणार नाही, आणि सकाळचा खर्जाचा रियाज तर चित्रीकरणाच्या दिवसांतही मोडू नये.

शेवटी कराराविषयी. विजेत्याला मिळणारी आगाऊ रक्कम पुष्कळदा बक्षीस नसून, ऊसतोडणी कामगाराला मुकादम देतो तशी उचल असते. ती गायकाच्या स्वामित्वधनातून, म्हणजे गाण्याच्या विक्रीतून व वापरातून मिळणाऱ्या वाट्यातून, आधी वळती केली जाते. करार किती वर्षांचा, किती गाण्यांचा, मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी कोणाची, आणि कंपनीच्या परवानगीशिवाय बाहेर गाता येते की नाही, ही चार कलमे आधी वाचावीत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय प्रतिलिप्यधिकार कायद्याने कलावंताला आपल्या सादरीकरणाच्या व्यापारी वापरातून स्वामित्वधन मिळण्याचा हक्क मान्य केला आहे. त्याला बाधा आणणारे कलम दिसले तर त्यावर सही करू नये. भाचीच्या हाती कागद येईल त्याच दिवशी त्याची प्रत घरी पाठवावी. वकिलाने वाचून होईपर्यंत निर्मात्यांनी कितीही घाई केली तरी थांबावे, आणि त्यांना उत्तर देण्याचे काम मावशीवर सोपवावे.

 
मावशी