कळांचे तक्ते

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेली 'ग्नू ईमॅक्स' ही मजकूर लिहिण्या-सुधारण्याची संगणक-प्रणाली, दाबलेल्या कळेचा अर्थ तक्त्यांत शोधते. एक तक्ता सार्वत्रिक, दुसरा फाईलच्या प्रकाराचा. हा प्रकार बहुधा नावाच्या शेवटावरून ओळखला जातो. त्याचा तक्ता आधी पाहावयाचा. तेथे कळ नसेल, तरच सार्वत्रिक तक्त्याकडे वळावयाचे. म्हणून एकच कळ सी भाषेतील आज्ञावली संकलित करील आणि साध्या पत्रात तारीख घालील.

नवशिक्याची फसगत होते ती पुढेच. 'स्थानिक' कळ नेमली की ती समोरच्या फाईलपुरतीच राहील, असे तो धरून चालतो. परंतु त्या प्रकारच्या सर्व फाईलींचा तक्ता सामायिक असतो. शेजारच्या खिडकीतील तशाच फाईलमध्येही कळ बदललेली आढळते. नावच फसवे, त्याला दोष काय द्यावा! एकाच फाईलपुरती कळ हवी असल्यास एक लहानसा 'गौण मोड' रचून तो तेवढ्या फाईलमध्येच चालू करावा. त्याचा तक्ता या दोहोंच्याही आधी पाहिला जातो. कळा निवडताना कंट्रोल व सी एकत्र दाबून पुढे एखादे अक्षर घ्यावे; ही जागा वापरणाऱ्यांसाठीच राखून ठेवलेली आहे.