कंपनीचं नाव नको, तिचं उत्तर वाचा

सीएचा निकाल लागला की आठवडाभर माझा फोन थंड होत नाही. प्रश्न एकच: "सर, बिग फोरमध्ये कसं लागायचं?" विचारतात बहुधा वडील. ज्याला लागायचंय तो शेजारी बसून मोबाइल चाळत असतो.

स्वतःची प्रॅक्टिस, कारखान्याचं फायनान्स खातं, बँका, सरकारी उपक्रम या वाटांची माहिती कुठेही मिळते. मला बोलायचंय ते नावाच्या हट्टाबद्दल.

जुलै 2024 मध्ये बिग फोर म्हणजे चार बड्या ऑडिट फर्मपैकी एक असलेल्या ईवायच्या पुण्यातल्या कार्यालयात काम करणारी 26 वर्षांची सीए मुलगी गेली. रुजू होऊन जेमतेम चार महिने झाले होते. सप्टेंबरमध्ये तिच्या आईने कंपनीच्या भारतातल्या अध्यक्षांना पत्र लिहिलं: कामाचा अतोनात ताण होता, आणि अंत्यसंस्काराला ऑफिसमधलं कुणीही आलं नाही. अध्यक्ष राजीव मेमाणी यांनी गैरहजेरीबद्दल जाहीर खेद व्यक्त केला, हे आमच्या संस्कृतीत बसत नाही म्हणाले. कामाच्या ताणामुळे मृत्यू झाला, हे मात्र कंपनीला मान्य नव्हतं. पुढे कामगार खात्याने तपासणी केली, तेव्हा 2007 पासून चालणाऱ्या त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नसल्याचं समोर आलं.

मृत्यूचं कारण ठरवणारा मी कोण? पण नोकरी शोधणाऱ्याने कंपनीच्या त्या खुलाशाकडे नीट पाहावं. दुःख व्यक्त करणं सोपं असतं. कामाचे तास मोजणार कोण, रविवारी काम सांगणाऱ्या मॅनेजरला जाब कोण विचारणार, याचं उत्तर अवघड. टीका झाल्यावर कंपनी यातल्या कशाबद्दल बोलते, ते बघा. 2017 मध्ये उबरमधल्या एका माजी अभियंता महिलेने छळाचे अनुभव जाहीर लिहिले. कंपनीने बाहेरचे वकील चौकशीला बसवले, वीसहून अधिक जणांना काढलं आणि जूनमध्ये संस्थापक-सीईओलाच पायउतार व्हावं लागलं. त्यामुळे सगळं सुधारलं असं नाही, पण कुणाच्या तरी खुर्चीला धक्का लागला.

म्हणून मुलाखतीआधी एवढं करा. दोन वर्षांच्या आत ती फर्म सोडलेल्या एखाद्याला गाठा. विचारा: ऑडिटच्या सीझनमध्ये घरी किती वाजता पोचायचास? तक्रार केलीस तर पुढे काय झालं? तो उत्तर देण्याआधी किती वेळ गप्प बसतो, त्यातही बरंच कळतं.

आणखी एक दार, ज्याकडे कुणी बघत नाही: जीडीसी अँड ए. सहकार खात्याची ही पदविका परीक्षा कुठलाही पदवीधर देऊ शकतो. महाराष्ट्रात गृहनिर्माण संस्था, पतसंस्था, दूध संस्था गल्लोगल्ली आहेत आणि प्रत्येकीचं लेखापरीक्षण दरवर्षी व्हावंच लागतं. पदविका आणि ठरावीक अनुभव असेल तर प्रमाणित लेखापरीक्षकांच्या नामतालिकेत नाव लागू शकतं. त्यासाठी मराठीचं कामापुरतं ज्ञानही लागतं. आपल्या मुलांची मराठी इथे कामाला येते! सुरुवातीला पैसा बेताचा, पण तालुक्याच्या गावी राहून कामाचा वेग आपल्या हातात ठेवता येतो. हे सांगितलं की पालकांचा चेहरा पडतो. कारण लग्नाच्या बायोडेटात ते शोभत नाही.

पालकांनो, आता तुमच्याबद्दल. त्या आईच्या पत्रात आहे की आम्ही तिला नोकरी सोड म्हणत होतो, तिला मात्र शिकायचं होतं. माझ्याकडे येणारे बहुतेक आईबाप याच्या उलट सांगतात: "दोन वर्षं काढ कशीतरी, नाव लागू दे." मुलगा रात्री एकला फोनवर "ठीक आहे" म्हणतो, आणि तुम्ही ते खरं मानता, कारण तुम्हाला तेच ऐकायचं असतं.

ऑफर लेटर आलं की पेढे जरूर वाटा. पण त्याच दिवशी मुलाला सांगून ठेवा: "नाही जमलं तर बॅग उचल आणि घरी ये. नातेवाइकांना काय सांगायचं ते मी बघतो."