दोर, वेढा आणि घर्षण

पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात पावसाळ्यापूर्वी रस्त्याकडेच्या गुलमोहराच्या ठिसूळ फांद्या छाटाव्या लागतात. एकाच दोरावर चढलेल्या कामगाराला तेथे कोण तोलून धरते? घर्षण!

विद्यार्थी मित्रांनो, सुतळीला दगड बांधा. गुळगुळीत आडव्या काठीला सुतळीचा एक वेढा द्या, मग दोन. हाताला लागणारे बल झपाट्याने घटेल. घर्षणांक ०.२५ असल्यास एका वेढ्याने ताण सुमारे ४.८ पट घटतो, दोन वेढ्यांनी २३ पट! ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेली गाठ याच तत्त्वावर चालते : भार पडला की आवळते, भार काढला की सरकते.

उतरताना मात्र उष्णता निर्माण होते. ७० किलोग्रॅमचा माणूस १५ मीटर उतरला, तर सुमारे १०,३०० जूल. ही सर्व उष्णता ३०० ग्रॅमच्या ॲल्युमिनियमच्या कडीत साठली, तर ती ३८ अंश सेल्सिअसने तापेल. सावकाश उतरल्यास बरीच उष्णता हवेत निघून जाते.

वाळूचे कण कडी झिजवतात. म्हणून नायलॉनचा दोर स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. बॅटरीच्या आम्लापासून तो दूर ठेवावा, कारण आम्लाने धागे कमकुवत होतात. कडीला खोल खाच किंवा धार आली, की ती बाद करावी. येथे काटकसर जिवावर बेतते.

आता सांगा, तीन वेढ्यांनी ताण किती पट घटेल?