माकुळाची चोच

आम्ही सांगलीला राहतो. सातारा-सांगलीकडे कृष्णा नदी आहे, पण समुद्र नाही. तरीही आमच्या घरात समुद्रातील एक वस्तू होती. आमच्या लव्हबर्डच्या पिंजऱ्यात एक पांढरा, हलका तुकडा टांगलेला असे. त्याला मराठीत समुद्रफेस आणि उर्दूत समंदर झाग म्हणतात. तो खरोखरच समुद्राचा वाळलेला फेस असावा, असे मला वाटे.

एकदा लव्हबर्डची चोच फार वाढली. त्याला दाणे टिपता येईनात. मी कात्री घेऊन चोच कापायला निघालो. तेवढ्यात अम्मीने माझा हात धरला.

आम्ही पक्ष्याला गुरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, "चोच नखासारखी सतत वाढते. पण तिच्या आत रक्त असते. तू कापली असतीस, तर पक्षी दगावला असता." त्यांनी कानशीने चोच हळूहळू घासली. मग हसून म्हणाले, "समुद्रफेस ज्या प्राण्याचा, त्यालाही चोच असते बरं का!"

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही रत्नागिरीला खालाकडे गेलो. खालूंनी मला मिरकरवाडा बंदरावर नेले. तेथे एका टोपलीत माकुळे होती. खालू म्हणाले, "बेटा, हा मासा नव्हे. हा शंख-शिंपल्यांचा नातेवाईक आहे. याला आठ हात आणि दोन लांब सोंडा असतात. समुद्रफेस म्हणजे याच्या पाठीतले कवच. त्यात बारीक कप्पे असतात. त्यांमुळे माकूळ पाण्यात तरंगते."

त्यांनी हात बाजूला केले. मधोमध तोंड होते आणि तोंडात काळी चोच! ती थेट पोपटाच्या चोचीसारखी दिसत होती. पण एक फरक होता. पोपटाची वरची चोच खालच्या चोचीवर येते. माकुळाची खालची चोच वरच्या चोचीला बाहेरून झाकते. या चोचीने ते खेकड्याचे कवचही फोडते.

मी चोचीला बोट लावून पाहिले. टोक काळे आणि कडक होते. मागचा भाग फिकट आणि मऊ होता. त्यामुळे कडक चोच आतल्या नाजूक मांसाला टोचत नाही. खाताना टोक झिजते आणि मागच्या कडेला नवे थर चढतात. जसे माकूळ वाढते, तशी चोचही वाढते. मोठे मासे आणि देवमासे माकूळ गिळतात, तेव्हा मांस पचते, पण चोच सहसा पचत नाही. त्यांच्या पोटात सापडलेली चोच मोजून शास्त्रज्ञ माकूळ केवढे होते, याचा अंदाज करतात.

घरी आल्यावर मी पिंजऱ्यापाशी गेलो. लव्हबर्ड समुद्रफेस कुरतडत होता. त्यातून त्याला चुना मिळतो आणि चोचही थोडी झिजते. आता मी दर आठवड्याला त्याची चोच पाहतो. कात्रीला मात्र हात लावत नाही.

शब्दार्थ
दगावणे – मरणे
कानस – घासण्याचे हत्यार
कप्पे – लहान खाने
अंदाज – अटकळ

स्वाध्याय
१. लव्हबर्डला दाणे का टिपता येईनात?
२. समुद्रफेस म्हणजे काय?
३. पोपटाच्या आणि माकुळाच्या चोचीत कोणता फरक आहे?
४. विरुद्धार्थी शब्द लिहा : कडक, हलका, वरची.